वरून जुनी मोटार, आतून मारुती : गॅरेजवाल्या बंधूंनी होकारापूर्वी काय पाहावे?

भोरचा पंतसचिवांचा राजवाडा चित्रपटवाल्यांना नवा नाही. जुन्या काळातले कथानक चित्रित करायचे म्हटले की जुनी मोटारही लागते. खऱ्या जुन्या मोटारीचा मालक ती सहसा सोडत नाही, आणि सोडली तरी ऐन वेळी ती सुरू होईल याची हमी नसते. मग कोणीतरी गॅरेजवर येऊन विचारतो, "उस्ताद, वरून जुनी दिसणारी आणि आतून मारुतीची, अशी गाडी बनवून द्याल का?" पत्रा ठोकणारा, वेल्डर, कुशनवाला आणि रंगारी अशा चौघांना एकाच कामावर काही आठवडे रोजी देणारा हा सवाल आहे. पण होकार देण्यापूर्वी यंत्राची बाजू आणि कायद्याची बाजू, दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत. दुसऱ्या बाजूकडे आपले कारागीर फारसे पाहत नाहीत, म्हणून हा लेख.

हा धंदा परदेशात जुना आहे. अमेरिकेत ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी 1964 मध्ये एक्सकॅलिबर नावाची मोटार तयार केली. तिचे रूप 1920 च्या दशकातील मर्सिडीजचे होते, आणि विक्रीसाठी बनलेल्या गाड्यांत शेवरोलेचे इंजिन होते. इंग्लंडमध्ये 1972 साली पँथर जे 72 आली. तिचा घाट 1930 च्या दशकातल्या मोटारीचा, इंजिन मात्र तेव्हाच्या जग्वारचे. या गाड्या नव्या म्हणून, आपल्या स्वतःच्या नावाने विकल्या गेल्या. अमेरिकेने तर 2015 च्या कायद्याने लहान कारखानदाराला वर्षाला 325 पर्यंत अशा प्रतिकृती बनवण्याची वेगळी वाट करून दिली. आपल्याकडे अशी वाट नाही.

आता यंत्राकडे वळू. नवे भाग घालण्याचे कारण उघड आहे. जुन्या इंजिनाचे सामान मिळत नाही, लेथवर एकेक नग घडवावा लागतो. मारुतीचे सामान मात्र तालुक्याच्या गावीही मिळते. तरीही कोणतीही मारुती चालत नाही. मारुती 800 चे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. जुन्या मोटारीचे लांब, अरुंद बॉनेट त्याला जुळत नाही. ओम्नी किंवा जिप्सीचे इंजिन उभे असते, प्रॉपेलर शाफ्टने मागचा एक्सल फिरतो. जुन्या घडणीला तेच सोयीचे. पण ओम्नीचा एक्सल अरुंद आहे, चाके मडगार्डच्या आत दडली तर सगळे सोंग उघडे पडते. म्हणून आधी एक्सलची रुंदी मोजावी, मग पत्रा कापावा. पुष्कळ जण उलटे करतात आणि पत्रा वाया घालवतात.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर आहे. 1930 च्या सुमाराच्या कित्येक मोटारींचे ब्रेक सळ्यांनी किंवा तारेने ओढले जात. फोर्ड कंपनीने तर तेलाचे ब्रेक 1939 च्या मॉडेलपासून दिले. जुन्या चासीवर जुनेच ब्रेक ठेवून नवे जोरदार इंजिन बसवले, आणि तशी गाडी भोरहून महाडकडे वरंधा घाटात उतरवली, तर काय होईल हे मिस्त्रीला सांगायला नको. इंजिन ज्या गाडीचे, ब्रेक आणि स्टिअरिंगही त्याच गाडीचे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. जुन्या गाडीची वायरिंग सहा व्होल्टची असेल, तर तीही पूर्ण बदलावी.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. विक्रेत्याला मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये. आता नीट पाहा : या कायद्याच्या व्याख्येत विक्रेता म्हणजे फक्त शोरूमवाला नव्हे; बॉडी बांधणारा आणि वाहन दुरुस्त करणाराही त्यात येतो. म्हणजे गिऱ्हाईक पाच हजारांत सुटेल आणि मिस्त्री लाखाला अडकेल. "आरटीओचे मी बघतो" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधी ऐकवावे.

गाडी सर्वस्वी नवी बांधली तर? मग ती रस्त्यावर आणण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत नमुना तपासून घ्यावा लागतो. एका गाडीसाठी तो खर्च परवडणारा नाही.

खरी जुनी गाडी हाती आली असेल, तर आणखी सावधगिरी हवी. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला "विंटेज" म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात "व्हीए" ही अक्षरे. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. हौसेने तिच्यात जिप्सीचे इंजिन बसवले, की मालकाचा हा हक्क गेला. शिवाय अशी गाडी भाड्याच्या धंद्यासाठी चालवता येत नाही.

मग काम कुठे उरते? कुंपणाच्या आत. चित्रीकरणाची बंदिस्त जागा, रिसॉर्टचे आवार, मंगल कार्यालयात उभी करायची शोभेची गाडी. वरातीसाठी रस्त्यावर काढली, की ती सार्वजनिक जागा झाली.

आपल्या राज्यातला जवळचा दाखला मुंबईच्या व्हिक्टोरियाचा आहे. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सैरसपाट्याच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. मार्च 2021 मध्ये त्याच घाटाच्या, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या दक्षिण मुंबईत आल्या. पहिल्या खेपेत बारा होत्या. टप, आसने, नक्षी जुनी, घोड्याच्या जागी मोटर. कोणाच्या जुन्या नोंदणीत खाडाखोड न करता गाडी मुळापासून नवीन बांधली, हे यात घेण्यासारखे आहे.

नावाचा आणि चिन्हाचा प्रश्नही आहे. 1945 साली महिंद्र अँड मोहम्मद नावाने सुरू झालेली, 1948 पासून महिंद्र अँड महिंद्र म्हणवणारी कंपनी इथे विलिस जीपच बनवत आली. तरी तिच्या रॉक्सर गाडीचे रूप जीपसारखे आहे म्हणून 2020 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. एवढ्या मोठ्या घराण्याची ही कथा, तर आपण बॉनेटवर परक्या कंपनीचे चिन्ह लावूच नये.

राहिला बिलाचा मुद्दा. बाजारात ओल्या धान्यावर कोरडे धान्य रचणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूर (स.अ.) यांनी कसे टोकले, ती हदीस आपल्याला माहीत आहे. प्रतिकृती ही असल म्हणून खपवणे त्याच जातीचे. आज तुमच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते, पण तो ती तिसऱ्याला विकेल तेव्हा काय सांगेल? म्हणून बिलावर स्पष्ट लिहावे : "प्रतिकृती; इंजिन अमुक गाडीचे, क्रमांक अमुक; रस्त्यावर चालवण्यासाठी नाही." इंजिनाच्या खरेदीची पावती आणि भंगारात निघालेल्या मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आपल्याकडे ठेवावा, नाहीतर चोरीच्या मालाचा संशय गॅरेजवर येतो. बिलाच्या दुसऱ्या प्रतीवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी, आणि ती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.