भाजलेला रुग्ण, घड्याळ आणि संगणक

भाजलेला रुग्ण रुग्णालयाच्या दारात येतो तेव्हा सर्वांची दृष्टी त्याच्या जखमांकडे जाते. परिचारिकेची दृष्टी मात्र प्रथम त्याच्या श्वासाकडे आणि लगोलग घड्याळाकडे गेली पाहिजे.

आवाज घोगरा झाला आहे काय, नाकातील केस जळले आहेत काय, थुंकीत काजळी येते काय, हे पाहून डॉक्टरांना तत्काळ सांगावे. घशाला सूज चढू लागली की श्वासनलिकेत नळी घालणे उत्तरोत्तर कठीण होत जाते. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्यापूर्वीच काढावीत. भाजून तीन तास उलटले नसतील तर जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडणे लाभदायक ठरते. बर्फ मात्र लावू नये. अंग फार भाजले असल्यास, विशेषतः लहान मूल असल्यास, ते गारठणार नाही याकडे लक्ष ठेवावे. त्यानंतर स्वच्छ, कोरड्या चादरीत रुग्णास गुंडाळावे. पुष्कळदा रुग्ण शाई किंवा टूथपेस्ट फासूनच येतो आणि जखमेची खोली समजणे अवघड होऊन बसते. नातेवाइकांवर रागावून त्या वेळी उपयोग नसतो.

याहून मोठे संकट डोळ्यांना दिसत नाही. भाजलेल्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्ताभिसरण मंदावते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. हा द्रव शिरेवाटे भरून काढावा लागतो. पण किती व कोणत्या वेगाने, हा गणिताचा प्रश्न आहे. अमेरिकेतील डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयात डॉ. चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ मध्ये मांडलेले सूत्र आजही परिचित आहे. रुग्णाचे वजन, भाजलेल्या त्वचेचे शेकडा प्रमाण आणि ४ मि.लि. यांचा गुणाकार म्हणजे चोवीस तासांचे रिंगर लॅक्टेट. त्यातील निम्मे पहिल्या आठ तासांत द्यावयाचे. अलीकडे अनेक ठिकाणी प्रौढांसाठी चाराऐवजी दोनाने आरंभ करतात. कोणता आकडा घ्यावयाचा हे डॉक्टरच ठरवितात.

एक उदाहरण पाहू. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या साडीने सकाळी ७ वाजता पेट घेतला. छाती व पोट मिळून १८, एक हात ९, आणि इतरत्र तिच्या तळहाताएवढे तीन भाग, म्हणजे ३. एकूण शेकडा ३०. केवळ लाल झालेली त्वचा यात धरावयाची नाही. चाराच्या सूत्राने ६,००० मि.लि. होतात; त्यांपैकी ३,००० पहिल्या आठ तासांत. आता ती ग्रामीण रुग्णालयात पोहोचते १० वाजता. हे आठ तास भाजल्यापासून मोजावयाचे असतात, दाखल झाल्यापासून नव्हे. वाटेत काहीच दिले गेले नसेल, तर ३,००० मि.लि. साठी पाचच तास उरतात. ताशी ६०० मि.लि. दाखल झाल्याची वेळ धरणारी परिचारिका ताशी ३७५ च देईल, आणि तिची बेरीज-वजाबाकी मात्र निर्दोष असेल.

संगणक साक्षरतेचा खरा संबंध येथे येतो. संगणक नोंदीची वेळ आपोआप टिपतो; अपघाताची वेळ त्याला ठाऊक नसते. ती नातेवाइकांना खोदून विचारून परिचारिकेनेच भरावी लागते. १५ किलोच्या बालकाचे वजन घाईत ५१ असे टंकले गेले, तर उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने पडद्यावर उमटते. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रात असंख्य लोकांना कळफलकाची ओळख करून दिली, ही मोठीच सोय झाली. परंतु पडद्यावरील आकडा संभवनीय आहे की नाही हे मनाशी ताडून पाहता येणे, ही त्यापुढची पायरी आहे.

सूत्र हा केवळ आरंभ असतो. पुढचा वेग लघवी ठरविते : प्रौढांत दर किलोस ताशी सुमारे अर्धा मि.लि., बालकांत १ मि.लि. लघवी कमी पडली तर वेग वाढवावयाचा, जास्त झाली तर कमी करावयाचा. हे दुसरे काम बहुधा मागे पडते. मग जादा द्रवाने फुप्फुसे व पोट फुगून नवेच संकट उभे राहते. अमेरिकी सैन्याच्या सॅन अँटोनियो येथील संशोधन संस्थेने दर तासाच्या लघवीवरून पुढील तासाचा वेग सुचविणारी संगणक-प्रणाली तयार केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात रुग्णांना कमी द्रव देऊनही लघवीचे प्रमाण अधिक वेळ योग्य मर्यादेत राहिल्याचे आढळले. तेथेही पिशवीतील लघवी मोजून आकडा भरणारी परिचारिकाच होती.

आपल्याकडे अशी प्रणाली नसली, तरी साधा तक्ता संगणकावर करता येतो : तास, दिलेला द्रव, लघवी, नाडी, रक्तदाब. वीज जाते, यंत्र अडते. म्हणून तोच तक्ता कागदावरही खाटेशी असावा. रुग्णास मोठ्या रुग्णालयात हलविताना त्याची प्रत रुग्णवाहिकेत सोबत द्यावी, आणि तिच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहावे : भाजल्याची वेळ, सकाळी ७.