भाषणाचा नकाशा : तोंडी अभिव्यक्तीचा एक पाठ

प्राथमिक शाळेत भाषणाचे प्रसंग वर्षातून चार-पाच वेळा तरी येतात. १ ऑगस्टची टिळक पुण्यतिथी, स्वातंत्र्यदिन, शिवजयंती, स्नेहसंमेलन हे त्यांतील नेहमीचे होत. त्यांची तयारीही बहुधा एकाच रीतीने होते. शिक्षक पानभर भाषण लिहून देतात आणि वर्गातील दोन-तीन चुणचुणीत मुले ते घोकतात. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" असा आरंभ करून एका दमात ते संपविले जाते. मध्येच एखादा शब्द निसटला तर मूल थबकते, छताकडे पाहते, पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करते आणि त्याच जागी पुन्हा अडखळते.

ह्यात मुलाचा दोष थोडा आहे. पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य मागील वाक्याच्या आधाराने आठवते. एक आधार सुटला की पुढचे सारे सुटते, कारण विषय मुलाच्या मनात बसलेला नसून शब्दांचा क्रम तेवढा बसलेला असतो. पाढे, कविता, अभंग हे पाठच असावयास हवेत, कारण त्यांत शब्द बदलून चालत नाही. भाषणाचे तसे नाही. तेथे शब्द वक्त्याने त्या क्षणी जुळवावयाचे असतात, आणि ते जुळविण्याची शक्ती वाढविणे हाच भाषाशिक्षणाचा हेतू आहे.

कागदाविना दीर्घ बोलण्याची विद्या ह्या भूमीस नवी नाही. देहू आणि आळंदी ह्या परिसरातच आहेत. वारकरी कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो. ध्रुपद मध्यभागी ठेवून तो एकेका चरणाकडे वळतो, त्या चरणाशी दृष्टान्त आणि कथा जोडतो आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. निरूपण कितीही लांबले तरी वाट चुकत नाही, कारण परतण्याची जागा ठरलेली असते. दृष्टान्ताचे शब्द मात्र दर खेपेस निराळे असतात.

हीच रचना कागदावर चित्ररूपाने मांडली की भाषणाचा नकाशा तयार होतो. मध्यभागी विषयाचे चित्र, त्यातून निघालेल्या चार-पाच फांद्या, प्रत्येक फांदीवर एक शब्द व एक लहान चित्र, एवढेच त्याचे स्वरूप आहे. इंग्लंडमध्ये टोनी बुझान ह्यांनी १९७४ साली बी. बी. सी. वरील मालिकेतून ही पद्धत 'माइंड मॅप' ह्या नावाने लोकप्रिय केली. फांद्या थोड्या ठेवण्यास कारण आहे. मनुष्य एका वेळी साधारणपणे चारच गोष्टी मनात धरू शकतो, असे नेल्सन कोवन ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखविले. दहा फांद्यांचा नकाशा म्हणजे पुन्हा टिपणांचे पानच होय.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. कार्पिके आणि ब्लंट ह्या अमेरिकन संशोधकांनी २०११ साली विद्यार्थ्यांचे गट करून प्रयोग केला. एका गटाने मजकूर समोर ठेवून त्याचा संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्याने मजकूर वाचून तो मिटला व जे आठवेल ते लिहून काढले. आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत दुसरा गट सरस ठरला. ह्याचा अर्थ असा की, नुसत्या रेघा आणि रंग स्मरण वाढवीत नाहीत. पुस्तक मिटून आठवण्याचे श्रम ते वाढवितात. म्हणून फळ्यावर शिक्षकाने सुबक नकाशा काढावा आणि मुलांनी तो उतरवून घ्यावा, ही पद्धत निरुपयोगी आहे. त्यात घोकण्याच्या जागी उतरवणे आले, इतकाच फरक पडतो.

पुढे इयत्ता पाचवी-सहावीसाठी एक पाठ दिला आहे. विषय चाकणच्या संग्रामदुर्गाचा घेतला आहे, कारण तेथील तटबुरुजांचे अवशेष मुलांना प्रत्यक्ष पाहता येतात.

उद्दिष्ट : लिखित भाषणावाचून तीन मिनिटे सुसंगत बोलणे.

साहित्य : प्रत्येकी एक कोरा कागद, पेन्सिल, एक रंगीत खडू.

पहिली पायरी, श्रवण (दहा मिनिटे). शिक्षकाने गोष्ट सांगावी. संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला; त्यास डोंगराचा आश्रय नाही, केवळ तट आणि खंदक. १६६० साली शायिस्ताखानाने मोठ्या मोगल सैन्यानिशी त्यास वेढा दिला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा ह्यांच्याजवळ काही शे माणसेच होती. भर पावसाळ्यात किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजला. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला आणि किल्ला पडला. खानाने फिरंगोजींना मोगलांची चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते शिवाजी महाराजांकडे परतले. ह्या वेळी मुलांनी काहीही लिहू नये.

दुसरी पायरी, आलेखन (पंधरा मिनिटे). कागद आडवा धरून मध्यभागी किल्ला काढावा. मग आठवून फांद्या काढाव्यात : कोठे, कोण, काय घडले, पुढे काय झाले. 'कोठे' ह्या फांदीवर कोणी खंदक काढील, तर 'काय घडले' येथे कोणी ढग आणि स्फोट काढील. चित्र ओबडधोबड असले तरी चालेल. ते काढणाऱ्यास ओळखू आले म्हणजे पुरे. फांदीवर वाक्य लिहू देऊ नये. वाक्य लिहिले की मूल ते वाचू लागते.

तिसरी पायरी, पडताळा (पाच मिनिटे). शिक्षकाने गोष्ट थोडक्यात पुन्हा सांगावी. जे राहून गेले ते मुलांनी रंगीत खडूने भरावे. रंगीत भाग पाहून कोणास काय आठवले नाही हे शिक्षकासही कळते.

चौथी पायरी, कथन (दुसरी तासिका). मुलांनी जोडीने बसून एकमेकांस सांगावे. प्रथम नकाशा हातात असावा, दुसऱ्या खेपेस बाकावर आणि तिसऱ्या खेपेस पालथा. तिन्ही वेळा शब्द निरनिराळे आले तर ते कथन उत्तम समजावे. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र मुलाने स्वतः ठरवून पक्के करावे, कारण भीती आरंभी अधिक वाटते आणि समारोप सापडला नाही की बोलणे रेंगाळते. सन, नाव, संख्या ही नकाशावर अंकाक्षरांत लिहावी. त्यांत अदमास चालत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यातील शिक्षकांना ह्या पद्धतीचा आणखी एक उपयोग आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर कारखान्यांची रांग भोसरीपासून चाकण, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत पोहोचली. कामगारांबरोबर त्यांची मुले आली आणि खेड्यांतील शाळांत बसू लागली. त्यांच्या घरी हिंदी, भोजपुरी, कन्नड अशा भाषा बोलल्या जातात. लिहून दिलेले मराठी भाषण अशा मुलास दुप्पट अवघड असते, कारण त्यास वाचनही जड आणि अर्थही अपुरा. त्यामुळे त्याची निवडच होत नाही. त्याच्या वाट्यास वर्षानुवर्षे टाळ्या वाजविणे येते आणि ते मूल मंदबुद्धीचे आहे असा समज नकळत रूढ होतो.

खंदकाचे चित्र मात्र कोणत्याही भाषेत खंदकच असते. अशा मुलास चारही फांद्या प्रथम घरच्या भाषेत सांगू द्याव्यात. ती काय सांगावयाचे हे जाणतात, हे तेथेच दिसून येते. मग शिक्षकाने किंवा जोडीदाराने प्रत्येक फांदीस वेढा, बुरूज, सुरुंग असा एकेक मराठी शब्द द्यावा. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा घेऊन मुलाने मराठीत बोलावे. लिंग-वचनाच्या चुका होतील. बोलणे चालू असता त्या दुरुस्त करू नयेत. दोन चुका टिपून ठेवाव्यात आणि नंतर एकान्तात सांगाव्यात.

मूल्यमापनाची एक सोपी रीत आहे. भाषणाच्या मध्येच शिक्षकाने प्रश्न विचारावा : "फिरंगोजींनी चाकरी का नाकारली असेल?" पाठ केलेले मूल गोंधळते. ज्याच्या मनात नकाशा आहे ते त्या फांदीवरून उत्तर देते आणि सोडलेल्या जागी परत येते. गुण देताना ह्या परतण्यास आवाज व हावभाव ह्यांहून अधिक वजन द्यावे.

सर्व प्रसंगी हीच रीत वापरावी असे नाही. प्रतिज्ञा, आभाराची नावे, अहवालातील आकडे हे वाचूनच सांगावेत. तसेच पहिल्या एक-दोन प्रयत्नांत भाषणे पूर्वीपेक्षा अडखळती होतील आणि पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होईल की नाही, अशी शंका मुख्याध्यापकांस येईल. म्हणून आरंभ समारंभात न करता वर्गात करावा आणि दर शनिवारी चार मुलांना संधी द्यावी. चाळीस मुलांच्या वर्गात दहा शनिवारांत प्रत्येक मूल एकदा उभे राहते.

शिक्षकांसाठी स्वाध्याय : १) स्वतःच्या गावाच्या नदीवर किंवा बाजारावर पुस्तक मिटून चार फांद्यांचा नकाशा काढा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत कागदावाचून तीन मिनिटे बोला. २) गेल्या वर्षी एकदाही भाषणास उभी न राहिलेली मुले कोणती, त्यांची यादी करा. पहिल्या शनिवारची चार नावे त्या यादीतून घ्या.