घरातील पहिली पाठशाळा : लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाचा पाठ्यक्रम कसा निवडावा?

वाचनपाठ : निर्गम १२:२४-२७, अनुवाद ६:४-९, मार्क १०:१३-१६



वल्हांडणाच्या रात्रीविषयी आज्ञा देताना मोशेने इस्राएल लोकांना एक सूचना केली. पुढे तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना काय सांगायचे, हे त्याने आधीच सांगून ठेवले. येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम घरात विधी होतो. मुले तो पाहतात व प्रश्न विचारतात. त्यानंतर आईवडील उत्तर देतात. धर्मशिक्षणाचे पुस्तक या क्रमात शेवटी, उत्तर देणाऱ्याच्या मदतीला येते.

आपल्या लहान मुलांना घरी धर्मशिक्षण द्यावे अशी इच्छा असलेले अनेक पालक प्रथम विचारतात, "कोणते पुस्तक घ्यावे?" प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे उत्तर पुस्तकांच्या दुकानात मिळण्यापूर्वी आपल्या घरात शोधावे लागते. ते कसे, हे आपण या पाठात पाहू.

१. ही जबाबदारी कोणाची?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा असे संबोधले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे परिषदेने स्पष्ट केले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने हेच तत्त्व नियमरूपाने मांडले आहे. मुलांना शब्दाने व उदाहरणाने श्रद्धेत घडविणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे कलम ७७४ सांगते. प्रथम ख्रिस्तशरीर संस्कारासाठी मुलांची तयारी करून घेण्याचे दायित्व कलम ९१४ मध्ये प्रथम पालकांवर ठेवले आहे, आणि त्यांच्याबरोबर धर्मगुरूंवर.

अनेक घरांत या क्रमाचा उलट अर्थ लावला जातो. मुलाला रविवारच्या वर्गाला सोडले की आपले काम झाले, असे वाटते. रविवारचा वर्ग आवश्यकच आहे. तथापि, आठवड्यातील एक तास उरलेल्या एकशे सदुसष्ट तासांची जागा कसा घेणार?

२. भिलाईतील घराची परिस्थिती

वसईसारख्या प्रदेशात वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला धर्मशिक्षण नकळतही मिळत असते. शेजारच्या घरातून रोझरीचे शब्द कानी पडतात, वाटेवर क्रूस दिसतो, सणाच्या दिवशी सारा गाव चर्चकडे निघतो. भिलाईत येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हा आधार नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे या पोलादनगरीत आली. एकाच सेक्टरात मराठी, मल्याळी, तेलुगू, ओडिया, बंगाली व छत्तीसगढी कुटुंबे नांदू लागली. ही या नगराची श्रीमंती आहे. परंतु आजी, आत्या, मामा आणि गावचे चर्च मिळून जे काम करीत असत, ते येथे दोन माणसांवर येऊन पडते.

त्यातच कारखान्याच्या पाळ्या. वडील एका आठवड्यात पहाटे घराबाहेर पडतात, तर दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीहून परतून दिवसा झोपतात. साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल असे नाही. शिवाय स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी हे नगर प्रसिद्ध आहे. मूल सहावी-सातवीत गेले की संध्याकाळ त्या वर्गांची होते, आणि बारावीनंतर बरीच मुले घर सोडून दूर जातात. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. तीन ते नऊ वर्षे हा काळ निसटला, तर तो पुन्हा मिळणे कठीण. वसतिगृहाच्या खोलीत एकटे बसलेले आपले मूल देवाशी बोलेल की नाही, याची पायाभरणी आज होत आहे.

३. निवडीच्या सहा कसोट्या

पहिली कसोटी : पूर्णता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली कॅथलिक ख्रिस्तसभेचा अधिकृत श्रद्धाग्रंथ, म्हणजेच कॅटेकिझम, जगापुढे ठेवला. त्याचे चार भाग आहेत : आपण कशावर विश्वास ठेवतो, संस्कारांतून तो विश्वास कसा साजरा करतो, ख्रिस्तात कसे जगतो आणि प्रार्थना कशी करतो. हाती घेतलेल्या पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून हे चारही भाग तेथे आहेत का, ते पाहावे. केवळ नीतिकथा असतील तर येशू हा एक सज्जन गुरू एवढाच उरतो. केवळ पाठांतर असेल तर प्रार्थना उपाशी राहते.

दुसरी कसोटी : ख्रिस्तसभेची संमती. धर्मविधिसंहितेच्या कलम ८२७ नुसार धर्मशिक्षणाच्या पुस्तकांना महागुरुस्वामींची अनुमती आवश्यक असते. ती बहुधा सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते. तिला इंप्रिमातुर म्हणतात. पुस्तक आकर्षक आहे एवढ्यावरून ते कॅथलिक ठरत नाही.

तिसरी कसोटी : वय. पोप संत पायस दहावे यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने सुमारे सात वर्षांच्या मुलांना ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वाट मोकळी केली. साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतील भेद मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे कळावा, एवढी अपेक्षा त्यांनी ठेवली. तेव्हा चार वर्षांच्या बालकापुढे व्याख्यांचा डोंगर रचू नये. त्याला मेंढपाळाची कथा, क्रूसाची खूण, मेणबत्तीचा प्रकाश आणि "धन्यवाद, देवा" हे शब्द पुरेसे आहेत. सातव्या वर्षी क्षमा व मिस्साबलिदान यांचा अर्थ सांगावा. नवव्या वर्षी आज्ञा, संस्कार व बायबलमधील तारणाच्या इतिहासाची सलग ओळख करून द्यावी.

चौथी कसोटी : भाषा. भिलाईत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, चर्चमधील उपासनाही बहुधा त्याच भाषांत, आणि घरी मराठी. अशा वेळी प्रार्थना प्रथम आईच्या भाषेतच शिकवावी. तापाने फणफणलेले मूल त्याच भाषेत हाक मारते. त्यानंतर त्याच प्रार्थना चर्चच्या भाषेतही शिकवाव्यात, म्हणजे मिस्सामध्ये मूल परके राहणार नाही. पाठाचे पुस्तक मुलाला सहज वाचता येईल त्या भाषेत असल्यास काही बिघडत नाही. त्यावरील बोलणे मात्र मराठीत व्हावे. हिंदी वाचणाऱ्या मुलाला मराठीची लिपी वेगळी शिकावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. "ळ" अक्षराची ओळख करून दिली की बरेचसे काम झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल पालकांनी स्वतः वाचावे व त्यातील कथा आपल्या शब्दांत मुलांना सांगाव्यात.

पाचवी कसोटी : धर्मग्रामाशी मेळ. रायपूर येथे १९६४ साली प्रेषितीय विभाग स्थापन झाला, १९७३ मध्ये धर्मप्रांत आणि २००४ मध्ये महाधर्मप्रांत झाला. आपल्या धर्मग्रामात रविवारी कोणते पुस्तक शिकवले जाते, हे धर्मगुरूंना आधी विचारावे. घरचे पुस्तक त्याला पूरक असावे. पतिपत्नींपैकी एक लॅटिन विधीचा आणि दुसरा केरळमधील सिरो-मलबार विधीचा असेल, तर ही चौकशी अधिकच आवश्यक ठरते. पौर्वात्य विधींमध्ये दृढीकरण बाप्तिस्म्याबरोबरच दिले जाते. लॅटिन पद्धतीच्या पुस्तकात ते पुढच्या वयात येते, आणि मूल गोंधळून विचारते, "मग माझे झाले की नाही?"

सहावी कसोटी : शेजाऱ्याविषयीची भाषा. शाळेत गणेशोत्सव व दुर्गापूजा यांच्या गप्पा होतात. वर्गमित्र विचारतो, "तुमच्या घरी पूजा का नसते?" आपले पुस्तक या मुलाला काय उत्तर देण्यास शिकवते? वर उल्लेखिलेल्या २८ ऑक्टोबर १९६५ या दिवशीच परिषदेने अन्य धर्मांविषयीची घोषणाही प्रसिद्ध केली. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, अशी तिची भूमिका आहे. मुलाने संकोचू नये व कोणाला हिणवूही नये. "आम्ही येशूची प्रार्थना करतो, ये, तुला आमचा गोठा दाखवतो," असे तो मोकळेपणाने म्हणू शकला, तर पुस्तक चांगले आहे असे समजावे.

४. तीन जुन्या वाटा

बाजारात पुस्तके अनेक असली तरी त्यांमागील पद्धती मुख्यतः तीन आहेत.

पहिली प्रश्नोत्तरांची. अमेरिकेतील महागुरुस्वामींनी १८८५ साली काढलेला बाल्टिमोर कॅटेकिझम या पद्धतीचा प्रसिद्ध नमुना होय. तिच्यामुळे उत्तर नेमके व टिकाऊ होते. आपल्या आजीआजोबांना म्हातारपणीही धर्मशिक्षणातील उत्तरे आठवत, ती अशाच पाठांतरामुळे. मात्र अर्थ न समजता घोकलेले उत्तर मुलाच्या पहिल्याच खऱ्या प्रश्नापुढे अपुरे पडते.

दुसरी कथेची. ही तर मराठी ख्रिस्ती माणसाची आपली वाट आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. पण श्रोत्यांच्या कानी पडली ती मराठीच. लिपीची अडचण त्यांनी सोसली, हृदयाची भाषा सोडली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या या निर्णयात भिलाईतील पालकांसाठी मोठाच बोध आहे.

तिसरी हाताने करून शिकण्याची. डॉ. मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या व युद्धकाळात येथेच राहिल्या. त्यांच्या विचारांवर आधारून सोफिया काव्हालेत्ती व जियान्ना गोब्बी यांनी १९५४ साली रोम येथे उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण ही पद्धत सुरू केली. तीन वर्षांची मुलेही लाकडी मेंढपाळ व मेंढरे हाताळत योहान १० मधील दृष्टान्त समजून घेतात. छोट्या वेदीवर छोटा चषक मांडतात. महागडे साहित्य नसले तरी पुठ्ठा, माती व कापड यांतून हे सर्व घरी करता येते.

या तिन्ही वाटा परस्परविरोधी नाहीत. तीन ते सहा वर्षांपर्यंत हात व कथा, सात ते नऊ वर्षांपर्यंत कथा व नेमकी उत्तरे, असा मेळ घालावा.

परदेशी संच मागवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. त्यांतील चित्रे, सण व संत बहुधा तिकडचेच असतात. आपल्या मुलांना वसईत जन्मलेले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया माहीत हवेत. गरिबांची बाजू घेतल्याबद्दल १९९५ साली मध्य प्रदेशात ज्यांची हत्या झाली व ज्यांना २०१७ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले, त्या भगिनी राणी मारिया यांचीही ओळख हवी. हे पाठ पालकांनी स्वतः जोडावेत.

५. निवड करण्यापूर्वी एक पाठ करून पाहा

संपूर्ण संच विकत घेण्याची घाई करू नये. धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा एखाद्या कुटुंबाकडून एक पुस्तक उसने घ्यावे आणि त्यातील क्षमेवरील पाठ मुलाबरोबर करावा. नंतर तीन गोष्टी तपासाव्यात. मुलाने स्वतःहून एखादा प्रश्न विचारला का? पुस्तकातील देव लूक १५ मधील पित्यासारखा वाटला, की चुका टिपणाऱ्या पहारेकऱ्यासारखा? आणि पाठ संपल्यावर तुम्हांला स्वतःला प्रार्थना करावीशी वाटली का? पालकाला ज्या पुस्तकापुढे बसावेसे वाटत नाही, ते कितीही उत्तम असले तरी महिन्याभरात कपाटात जाते.

वेळापत्रक पाळीनुसार आखावे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे आणि रोज निजण्यापूर्वी पाच मिनिटांची प्रार्थना, एवढे पुष्कळ झाले. रात्रपाळीच्या आठवड्यात वडिलांनी कामावर निघताना मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी. तो एक पाठच आहे. सुट्टीच्या दिवशी मैत्रीबागेत पशुपक्षी पाहताना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची कथा सांगावी. आगमनकाळात गोठा, प्रायश्चित्तकाळात क्रूसाची वाट, मे महिन्यात पवित्र मरियेचे पूजन, असे उपासना वर्षच घरातील अनुक्रमणिका होऊ द्यावे.

"आम्हांलाच नीट येत नाही, मग शिकवणार काय?" अशी शंका काहींच्या मनात येईल. मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर ठाऊक नाही, तर तसे प्रांजळपणे सांगावे : "मलाही माहीत नाही. रविवारी आपण दोघे मिळून फादरांना विचारू." आपले वडीलही शिकत आहेत, हे पाहिलेले मूल शिकण्याला कमीपणा मानत नाही.

समारोप

दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज भिलाईत येते आणि त्याचा रूळ होईपर्यंत त्याला अनेक टप्प्यांतून जावे लागते. त्या रुळावरून पुढे किती माणसे कोठवर जातील, हे तो घडविणाऱ्या कामगाराला दिसत नाही. तुमचेही तसेच आहे. संत पौलाने तीमथ्याच्या श्रद्धेचा उगम शोधला, तेव्हा त्याला दोन नावे सापडली : आजी लोईस व आई युनीके (२ तीमथ्य १:५). त्यांनी काय शिकवले, कोणत्या क्रमाने शिकवले, याची नोंद पौलाने केली नाही. तीमथ्यात वस्तीला आलेली श्रद्धा आधी त्यांच्या ठायी होती, एवढेच तो सांगतो. पुस्तक अवश्य निवडा, विचारपूर्वक निवडा. आणि ते उघडण्यापूर्वी मुलाच्या शेजारी बसा.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात आपल्या मुलाने देवाविषयी कोणता प्रश्न विचारला? आपण काय उत्तर दिले?

२. आपल्या घरात अशी कोणती प्रार्थना वा प्रथा आहे, जी पाहून मूल तिचा अर्थ विचारील?

३. आपल्या पाळीच्या वेळापत्रकात वीस मिनिटांच्या दोन बैठका कोठे बसतील? पतिपत्नींनी आजच ठरवावे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू बालकांना जवळ घेऊन आशीर्वाद दिलास. आमच्या थकलेल्या संध्याकाळी तुझ्यासाठी थोडी जागा राहू दे. जे आम्ही मुलांना सांगतो, ते प्रथम आमच्या जीवनात दिसू दे. आमेन.