बूटकॅम्प की कम्युनिटी कॉलेज?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात, एच-४ व्हिसावर आहे. वेब डेव्हलपमेंट कम्युनिटी कॉलेजात शिकू की तीन महिन्यांचा बूटकॅम्प करू?

उत्तर : कॉलेजात शिका आणि डेव्हलपमेंटबरोबर सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनचे विषयही घ्या. बूटकॅम्पमध्ये पान बनवायला शिकवतात. ते चालतं ठेवणं हे वेगळं काम, आणि तिथे घाईत शिकलेला माणूस अडतो. पान स्वतःच्या लॅपटॉपवर दिसतं, पण सर्व्हरवर चढवलं की ‘४०३’, म्हणजे ‘प्रवेश नाही’, येतं. अशा वेळी कोड बरोबर असूनही फाइलची परवानगी चुकलेली असू शकते. लिनक्सवर ६४४ म्हणजे मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं, हे कळलेला पाच मिनिटांत सुटतो. न कळलेला ७७७ देऊन सगळ्यांना दार उघडून बसतो.

कॉलेजचा अभ्यासक्रम जुना असतो, हा आक्षेप फ्रेमवर्कपुरता खरा आहे. पण डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा, १९८३ पासूनची आहे आणि आजही साइट नावाने उघडायला तीच लागते. खर्चाचं म्हणाल, तर राज्याच्या रहिवाशांना फी युनिटला ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटांच्या असोसिएट पदवीला २,७६० डॉलर (पुस्तकं वेगळी). रहिवासी ठरला नाहीत, तर कितीतरी पट जास्त. तेव्हा आधी प्रवेश कार्यालयात तेवढं विचारून घ्या. एच-४ वर शिकायला परवानगी आहे, नोकरीला मात्र वेगळं वर्क परमिट लागतं. ते हातात येईपर्यंत पगारी काम घेऊ नका.