पगाराआधी विचारायचा प्रश्न

चि. अभिजित यास,


फुटबॉल प्रशिक्षकाच्या डी लायसन्सचा कोर्स पदरात पडला, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आहे म्हणे. एक पुण्यातली नावाजलेली अकादमी, तिथं तू साहाय्यकांच्या रांगेत शेवटचा. दुसरी इचलकरंजीकडची शाळा, तिथं संघही तुझा आणि शिट्टीही तुझीच. घरातल्या सगळ्यांचा कल पुण्याकडे असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तू माझं मत विचारलंस. ते देण्याआधी एका स्पॅनिश प्रशिक्षकाचं सर्व्हिस बुक तुझ्यापुढे उघडतो. त्यात बदल्या भरपूर आहेत, हकालपट्ट्याही आहेत.

उनाय एमेरी हे नाव तुला माहीत आहे ते अ‍ॅस्टन व्हिलामुळे. त्याचा जन्म 1971चा, फ्रान्सच्या सीमेला खेटून असलेल्या ओंडारिबिया या बास्क गावातला. आजोबा आणि वडील दोघंही गोलरक्षक. आजोबा अँतोनियो शेजारच्या इरून गावातल्या रेआल उनिओनकडून खेळायचे. 1929 साली स्पॅनिश लीग सुरू झाली आणि तिच्या इतिहासातला पहिला गोल झाला तो याच आजोबांवर. घराण्याची कीर्ती ही अशी.

नातवाच्या वाट्यालाही खेळाडू म्हणून फारसं काही आलं नाही. रेआल सोसिएदादच्या दुसऱ्या फळीच्या संघात वर्षं गेली आणि मुख्य संघाकडून लीगचे जेमतेम पाच सामने मिळाले. पुढे तोलेदो, फेरोल, लेगानेस अशी गावं पालथी घातली, बहुतेक काळ दुसऱ्या श्रेणीत. शेवटचा मुक्काम मुर्सिया प्रांतातल्या लोर्का या छोट्या क्लबात. क्लब तिसऱ्या पायरीवर, आणि याचा गुडघा बोलायला लागलेला.

2004-05चा हंगाम अर्ध्यावर असताना लोर्काच्या अध्यक्षांनी त्याला थेट प्रशिक्षकाची खुर्ची देऊ केली. वय 33. काल ज्यांच्या शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, त्यांनाच आज संघाबाहेर ठेवायचं. तुमच्या पेठेत असं झालं असतं तर किती जणांनी बोलणं टाकलं असतं, ते तूच सांग. त्यानं जबाबदारी घेतली आणि त्याच हंगामात लोर्का वरच्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी तिथंही पाचवा आला, पहिल्या श्रेणीचं दार थोडक्यात हुकलं. मग 2006 मध्ये अल्मेरिया. पहिल्याच हंगामात तो क्लब पहिल्यांदा ला लिगामध्ये पोचला आणि तिथं पहिल्या वर्षी आठवा आला.

नुसत्या चढत्या आलेखासाठी हे सगळं सांगत नाही. त्या दोन्ही गावांत पैसा कमी होता, पण संघ कसा खेळेल हे ठरवणारा माणूस एकच होता. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

2008 मध्ये व्हॅलेन्सियानं बोलावलं. क्लब नावाजलेला आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. पुढच्याच वर्षी नव्या स्टेडियमचं बांधकाम अर्ध्यावर थांबलं. 2010च्या उन्हाळ्यात दाविद व्हिया आणि दाविद सिल्वा विकले, पुढच्या वर्षी हुआन माता विकला. एवढं सगळं हातातून जात असताना एमेरीनं सलग तीन हंगाम संघ तिसऱ्या क्रमांकावर ठेवला. वर होते फक्त बार्सिलोना आणि रेआल माद्रिद. तरी घरच्या मैदानावर शिट्ट्या ऐकाव्या लागल्याच!

व्हॅलेन्सियातल्या दिवसांतच त्याच्या व्हिडिओंचं वेड प्रसिद्ध झालं. तिथला विंगर होआकीन गमतीनं सांगायचा की, एमेरी इतके व्हिडिओ दाखवतो की आपले पॉपकॉर्न संपले. दुसरा किस्सा पेन ड्राइव्हचा. एमेरी प्रत्येकाला प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत घरी पाहायला द्यायचा. एक गडी ती पाहतच नाही, असा त्याला संशय आला. त्यानं त्याला कोरा पेन ड्राइव्ह दिला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, कसं वाटलं? गडी म्हणाला, छान होतं. हा किस्सा सांगताना लोक खेळाडूला हसतात. तू प्रशिक्षकाकडे बघ. माझं काम समोरच्यापर्यंत पोचतंय का, हे तपासायची युक्ती त्यानं शोधली. नुसतं सांगून हात झटकणारे आपल्याकडे ढिगानं आहेत.

यानंतर मॉस्को. 2012च्या उन्हाळ्यात तो स्पार्ताकला गेला, तेव्हा पैसा होता, चॅम्पियन्स लीग होती. भाषा मात्र येत नव्हती. तपशिलावर जगणाऱ्या माणसाचा तपशील दुभाष्याच्या तोंडून जाऊ लागला की काय उरतं, ते नोव्हेंबरात दिसलं. शहरातल्याच दिनामोनं घरच्या मैदानावर 5-1 असं धुतलं आणि त्याच संध्याकाळी एमेरीची नोकरी गेली.

दोन महिन्यांतच, जानेवारी 2013 मध्ये, त्याला सेव्हियानं घेतलं. तिथं खेळाडू हेरायला मोंची हा क्रीडासंचालक होता. माजी गोलरक्षक, बाजारात कमी किमतीत हिरा शोधणारा. उत्तम खेळाडू दरवर्षी विकले जायचे, नवे यायचे आणि एमेरी ते बसवायचा. कामाची वाटणी स्वच्छ होती, कुणी कुणाच्या ताटात हात घालत नव्हतं. फळ काय मिळालं? 2014 मध्ये तुरिनला बेनफिकाला पेनल्टींवर हरवून युरोपा लीग, 2015 मध्ये वॉर्साला निप्रोला 3-2 हरवून पुन्हा तीच, आणि 2016 मध्ये बासेलला लिव्हरपूलविरुद्ध मध्यंतराला एका गोलनं मागे असताना 3-1 असा विजय. सलग तीन वर्षं हा चषक दुसऱ्या कुठल्याही संघानं जिंकलेला नाही.

अशा माणसाला पॅरिसनं बोलावलं नसतं तरच नवल. पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये त्याच्यापुढे एकच परीक्षा होती, चॅम्पियन्स लीग. फेब्रुवारी 2017 मध्ये बार्सिलोनाला त्यानं 4-0 असं लोळवलं. तीन आठवड्यांनी, 8 मार्चला, परतीच्या सामन्यात 88व्या मिनिटापर्यंत बार्सिलोनाला आणखी तीन गोल हवे होते. ते तिन्ही झाले. 6-1. त्या उन्हाळ्यात क्लबनं नेमारला 22.2 कोटी युरो मोजून आणलं. सप्टेंबरात ल्योंविरुद्ध पेनल्टी कुणी मारायची यावरून नेमार आणि त्याचा संघसहकारी कवानी यांची भर मैदानात हुज्जत झाली आणि ती जगानं पाहिली. पेनल्टीचा मानकरी ठरवणं हे प्रशिक्षकाचं अगदी साधं काम. ज्या क्लबात तेही त्याच्या शब्दानं मिटत नाही, तिथं त्याच्या हातात किती आहे ते कळतं. पॅरिसमध्ये सगळं नेमारभोवती फिरतं, हे आपल्या ध्यानात आलं होतं, असं त्यानं पुढे सांगितलंही. तरी त्या हंगामात फ्रान्समधले चारही चषक त्यानं जिंकले. निरोप ठरलेलाच होता.

आर्सेनलची गोष्ट याच जातीची. आर्सेन वेंगर 22 वर्षं जिथं बसले, तिथं 2018 मध्ये हा बसला. सलग 22 सामने न हरता गेले, संघ युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि बाकूला चेल्सीकडून 4-1 हरला. पुढच्या उन्हाळ्यात त्याला विंगर म्हणून विल्फ्रेड झाहा हवा होता. क्लबनं विक्रमी किंमत मोजून निकोला पेपे घेतला. हे एमेरीनंच नंतर मुलाखतीत सांगितलं. त्याच्या इंग्रजी उच्चारांची टिंगल तर पहिल्या दिवसापासून चालली होती. संघ जिंकत होता तोवर ती गंमत होती, हरायला लागला तशी तिला धार आली. 29 नोव्हेंबर 2019 रोजी त्याला घरी पाठवलं.

तुझ्या वयात मी हे वाचलं असतं तर म्हटलं असतं, संपला माणूस. मॉस्को, पॅरिस, लंडन, तिन्ही ठिकाणी पोळून निघालेला. तो मात्र 2020 मध्ये व्हियारेआलला गेला, सुमारे 50 हजार वस्तीच्या गावात. 26 मे 2021 रोजी ग्दान्स्कला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध युरोपा लीगचा अंतिम सामना 1-1 असा सुटला. पेनल्टी सुरू झाल्या आणि कुणी चुकेचना. मैदानातले दहाही गडी मारून झाले, वेळ गोलरक्षकांवर आली. व्हियारेआलच्या रुयीनं स्वतःची पेनल्टी मारली आणि दे हेआची अडवली. 11-10. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा चषक.

आता या पत्राचा मुद्दा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलनं त्याला विचारलं. सौदी पैसा नुकताच आलेला, जगातल्या सर्वांत श्रीमंत मालकांपैकी एक. एमेरीनं 3 नोव्हेंबर 2021 रोजी, म्हणजे आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, नकार जाहीर केला. व्हियारेआलमध्येच राहिला आणि त्या हंगामात त्याच संघानं युव्हेंटसला तुरिनमध्ये 3-0 आणि पाठोपाठ बायर्न म्युनिकला हरवून चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. तिथं लिव्हरपूलला घरच्या मैदानावर मध्यंतरापर्यंत घाम फोडला, मगच हरले.

इंग्लंडला तो परत गेलाच, पण वर्षभरानं आणि आपल्या पद्धतीनं. अ‍ॅस्टन व्हिला तेव्हा घसरणीच्या रेषेच्या जेमतेम वर होता. सूत्रं घेतल्यावर पहिल्याच सामन्यात त्यानं मँचेस्टर युनायटेडला 3-1 हरवलं. लीगमध्ये घरच्या मैदानावर व्हिलानं युनायटेडला हरवलं होतं ते थेट 1995 मध्ये. हंगामाअखेर संघ सातवा, पुढच्या वर्षी चौथा. मग 2 ऑक्टोबर 2024 रोजी व्हिला पार्कवर बायर्नचा 1-0 असा पराभव. यामागे फळ्यावरची आखणी आहेच, पण व्यवस्थाही आहे. त्याचा विश्वासू दामियान विदागानी क्लबच्या कारभारात आला आणि 2023 मध्ये सेव्हियाचा तोच मोंचीही व्हिलामध्ये आला. आर्सेनलमध्ये जे हातात नव्हतं, ते त्यानं इथं मागून घेतलं.

यावरून ‘लहान जागा बरी, मोठी वाईट’ असा सोपा निष्कर्ष काढू नकोस. सेव्हिया काही लहान क्लब नव्हे, आणि व्हिला तर पूर्वी युरोपचा विजेता होता. फरक पडला तो निर्णय कुणाचे, खेळाडू कोण आणणार आणि आपलं बोलणं थेट पोचतं की दुसऱ्याच्या तोंडून, यात. आणि लोर्काचा अनुभव गाठीशी नसता तर मागायचं काय, हे तरी त्याला कुठून कळलं असतं?

तेव्हा पुण्याच्या अकादमीला फोन लाव आणि नीट विचार. आठवड्यातून किती सत्रं तू स्वतः घेणार? कुठल्या वयोगटाची? सामन्याच्या दिवशी बाकावर बसणार की पाण्याच्या बाटल्या भरणार? वरचा प्रशिक्षक तुला शिकवणार आहे की फक्त हजेरी लावायला ठेवणार आहे? शिकवणारा असेल, तर शेवटची जागासुद्धा दोन वर्षं पत्करावी, खुशाल जा. शाळेलाही तितक्याच रोखठोकपणे विचार. मैदान किती दिवस मोकळं मिळेल, परीक्षेच्या महिन्यात सराव चालू राहील का, आणि संस्थाचालकांच्या नातवाला अकरा जणांत घ्यायची सक्ती आहे का. शेवटचा प्रश्न हसत हसत विचार, पण उत्तर नीट ऐक.

दोन्हीकडची उत्तरं कागदावर लिहून मला पाठव. त्यानंतर पगाराचं आणि तुझ्या आईची समजूत काढण्याचं बघू. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस, मुलांना दाखवायला तो अजून लागणार आहे.

तुझा,
मामा