जंगलाची राखण आणि आपला वाटा



2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. सुमारे 1300 किलोमीटर फिरून डिसेंबरात तो आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्याला कितीतरी शेते आणि रस्ते ओलांडावे लागले. यावरून एक धडा मिळतो: जंगलाची राखण अभयारण्याच्या हद्दीवर संपत नाही. ती तीन प्रकारे करता येते.

1. वेळ देऊन: बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याच्या उपक्रमात वन विभाग नागरिकांना सामील करून घेतो. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.

2. पैसा देऊन: गुगामल राष्ट्रीय उद्यान मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. त्या प्रकल्पाचे व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान आहे. देणगी अधिकृत कार्यालयातच द्यावी व पावती घ्यावी.

3. संयम पाळून: रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात, हे दुःख खरे आहे. पण कुंपणात सोडलेली वीज डुक्कर, वाघ आणि शेजाऱ्याचे लेकरू यांत भेद करत नाही. नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे अर्ज करता येतो.

पैसा सर्वांकडे नसतो. तिसरे दान मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात आहे आणि तेच सर्वांत कठीण आहे. देवाने पहिल्या माणसाला बाग दिली, ती राखण्यासाठी.

विचार करा: माझ्या धुऱ्यावरून एखादा जीव रात्री सुखरूप जाऊ शकेल का?