आकड्यांचा विखुरलेपणा: फ्लो सायटोमीटरविषयी थोडेसे

जमाखर्च पत्रकातील 'फ्लो सायटोमीटरसाठी तपासणी-बीड्स' या बाबीविषयी काही देणगीदारांनी विचारणा केली आहे. ज्या वस्तूचा रुग्णाला स्पर्शही होत नाही, तिच्यावर खर्च कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तरीही उत्तराचा धागा आम्हांला आमच्याच जुन्या अभ्यासक्रमात सापडला.

या यंत्रात पेशी एकामागोमाग एक लेसरच्या झोतासमोरून जातात व प्रत्येकीपासून येणाऱ्या प्रकाशाची नोंद होते. एकसारखे बीड्स सोडले, तर नोंदीही जवळपास सारख्याच यावयास हव्यात. त्या किती विखुरल्या हे विचलन-गुणांक सांगतो: प्रमाण विचलनास सरासरीने भागून शंभराने गुणावयाचे. दोन फलंदाजांपैकी अधिक भरवशाचा कोण, हे आम्ही बी. कॉम.ला याच सूत्राने काढीत असू. हा गुणांक वाढला, की रोगपेशी व निरोगी पेशी यांच्या नोंदी एकमेकींत मिसळू लागतात.

समजा, नोंदी ९६, ९८, १००, १०२, १०४ अशा आल्या. सरासरी १००, प्रमाण विचलन ३.१६, गुणांक सुमारे ३ टक्के. आता दोन बीड्स चिकटून गेले आणि १०४ च्या जागी २०४ ही नोंद झाली. सरासरी १२० होते व गुणांक एकदम ३९ टक्क्यांवर जातो! यंत्र मात्र ठीकच आहे. मध्यक अशा वेळीही १०० च राहतो. म्हणून हजारो नोंदी चढत्या क्रमाने लावून ८४.१३ व्या व १५.८७ व्या शततमकांतील अंतर निम्मे करतात आणि त्यास मध्यकाने भागतात. टोकाच्या मोजक्या नोंदी मग हिशेब बिघडवीत नाहीत.

आप्तांच्या जिवाला लागणारा भाग निराळा आहे. ल्युकेमियाच्या उपचारांनंतर अस्थिमज्जेत उरलेल्या रोगपेशी याच यंत्रावर शोधतात. १० लाख पेशींत १०० सापडल्या, तर प्रमाण ०.०१ टक्के. पुढील तपासणीत १२० सापडल्या, की पालकांचे चेहरे उतरतात. परंतु अशा विरळ मोजणीत प्रमाण विचलन मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतके असते; १०० ला १०. दोन मोजण्यांतील फरकाचे विचलन सुमारे १५ येते, तेव्हा २० चा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. एवढ्यावरून रोग वाढला असे म्हणता येत नाही. वाढला नाही, असेही नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

१० लाखांऐवजी १ लाखच पेशी पाहिल्या, तर त्याच प्रमाणात रोगपेशी १० दिसतील आणि मोजणीतील अनिश्चितता १० वरून सुमारे ३२ टक्क्यांवर जाईल. द्रव्ये वाचतील, तंत्रज्ञाचा वेळ वाचेल, पण आकडा डळमळीत होईल. अहवालास उशीर का, असे विचारणाऱ्यांना आम्ही पूर्वी 'काम चालू आहे' एवढेच सांगत असू, हे आमचे चुकलेच. आता खिडकीवरच कारण सांगितले जाते आणि अहवालात टक्केवारीशेजारी एकूण किती पेशी तपासल्या, तो आकडाही छापला जातो.